डॉक्टर, तासाला किती?

आमच्या माधवनगरात दोन प्रकारचे डॉक्टर आहेत. एक गोळ्या देतात, दुसरे झेरॉक्सच्या दुकानात भेटतात. परवा दुसऱ्या प्रकारातला एक भेटला. काखेत विटेएवढी फाईल.

"किती संच?" दुकानदार.

"पाच."

"मागच्या खेपेला सहा होते की."

"त्यातली एक जाहिरातच रद्द झाली."

प्राध्यापकभरतीची जाहिरात हा मराठीतला स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. त्यावर अजून कुणी प्रबंध कसा लिहिला नाही कोण जाणे! वर ठळक तक्ता: मराठी एक, भूगोल एक, सूक्ष्मजीवशास्त्र दोन, संगणकशास्त्र चार. वाचून ऊर भरून येतो. मग खाली, मुंगीच्या अक्षरात, कळतं की पदं तासिका तत्त्वावर आहेत, नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती आहे, मुलाखतीस स्वखर्चाने यावे आणि कोणतेही कारण न देता भरती रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. संगणकशास्त्राची चारही विनाअनुदानित. उमेदवाराचं खरं संशोधन या मुंग्यांतच होतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली सांगितलं, विद्यापीठाच्या विभागात सहायक प्राध्यापक व्हायचं तर जुलै २०२१ पासून पीएच.डी. पाहिजेच. आमचा डॉक्टर धावला. कोल्हापूरच्या एसटीत दांडा धरून त्याने प्रकरणांची जुळणी केली. मुदत सरकून २०२३ वर गेली. तो जुलै उजाडला आणि आयोग म्हणाला, नेट-सेट पुरे, पीएच.डी. ऐच्छिक. वऱ्हाड मांडवात आल्यावर वधूपित्याने 'आमचा तसा काही आग्रह नव्हता' म्हणावं, तसं. म्हणजे पदवी वाया गेली असं नाही हं. विद्यापीठातल्या पदासाठी मुलाखतीआधीच्या छाननीत तिला शंभरातले तीस गुण आहेत. शोधनिबंधाला प्रत्येकी दोन, पण दहाच्या वर नाही. सहाव्या निबंधाला साक्षात आइन्स्टाइनलाही भोपळा.

शहाण्याने खरं तर प्रबंध सादरच करू नये. ज्याला आयोगाची फेलोशिप आहे, त्याला २०२३ पासून महिना ३७ हजार मिळतात, दोन वर्षांनी ४२ हजार. प्रबंध रखडलाय तोवर महिन्याचा हिशोब. नावामागे डॉक्टर लागला की तासाचा.

आमच्या डॉक्टरच्या प्रबंधाचा विषय 'यंत्रमाग कामगारांचे आर्थिक प्रश्न'. सामग्री घरातच होती. वडील तीस वर्षं मागावर. त्यांची मजुरी मीटरवर, याचं मानधन तासावर. एका संध्याकाळी बापलेकांनी हिशोब मांडला.

"वीज गेली की आमची मजुरी बंद," वडील म्हणाले. "तुझी कशानं बंद पडती?"

"दिवाळीच्या सुट्टीनं. मे महिन्यानं. परीक्षेनं."

वडिलांनी जरा विचार केला. "मग आमची वीजच बरी म्हणायची. जाती ती येती तरी."

तर परवा संच घेऊन आम्ही दोघं झेरॉक्सच्या दुकानातून बाहेर पडलो. वाटेत एका शेडच्या दाराला पुठ्ठा टांगलेला: 'कामगार पाहिजेत. अनुभव नसला तरी चालेल. आत भेटा.' डॉक्टर थबकला. त्याने दोनदा वाचलं, खाली वाकून बारीक अक्षरं शोधली. मग पुठ्ठा हळूच उलटा करून पाहिला.

"काय शोधतोस?"

"शुद्धिपत्रक," तो म्हणाला.