मक्याच्या शेतात रवानगी

सेकंड लाइफ नावाच्या आभासी जगात एक मक्याचं शेत होतं. तिथे कायम रात्र, वर चांदणं आणि नजर जाईल तिकडे मक्याच्या ओळी. एक ट्रॅक्टर होता, पण त्याच्यापेक्षा पायी चालणारा आधी पोचावा इतका संथ. दोन टीव्ही होते आणि त्यांवर वाट चुकलेल्या एका पोराला कोर्ट कसं सुधारतं हे सांगणारा १९४० सालचा बोधपट लागायचा. बाहेर पडायला वाट नाही. हे जग लिंडन लॅब या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने २००३ साली सुरू केलं. लोक तिथे हवा तसा देह घ्यायचे, जमीन विकत घेऊन बंगले बांधायचे, लग्नंसुद्धा लावायचे. आणि एखाद्याने फारच दंगा केला, तर त्याला उचलून या शेतात आणून सोडायचे. काही दिवस बस म्हणावं कणसं मोजत.

मला या शेताचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की ते कोणीतरी बसून बनवलं होतं. खातं बंद करायला एक बटण पुरतं. पण इथे कोणा पगारी माणसाने कामाच्या वेळात विचार केला असणार, की याला करमणुकीला काय द्यावं? ट्रॅक्टर द्यावा. पण पळणारा नको. टीव्ही द्यावा, पण त्यावर उपदेश लावावा. ज्याला हाकलायचं त्याची इतकी काळजी आपल्याकडे जावयाचीही घेत नाहीत.

मक्याचं शेतच का, हे अमेरिकन माणसाला सांगावं लागत नाही. ‘ट्वायलाइट झोन’ या तिकडच्या जुन्या मालिकेत १९६१ साली एक गोष्ट दाखवली होती. सहा वर्षांचा एक मुलगा, अंगात अचाट शक्ती. जो आवडला नाही त्याला तो नुसत्या मनाच्या जोरावर मक्याच्या शेतात धाडतो. मग सगळं गाव त्याच्यापुढे हसरा चेहरा ठेवून वावरतं आणि काहीही झालं तरी ‘छान केलंस हो बाळा’ म्हणतं. ग्रुप ॲडमिनचं याहून नेमकं चित्र माझ्या पाहण्यात नाही.

आभासी जगातून माणसाला घालवून देण्याची रीत मात्र या शेताहून बरीच जुनी. इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी १९७८ साली मड नावाचा खेळ रचला. पडद्यावर चित्र नाही, नुसती अक्षरं. ‘तू अरुंद वाटेवर उभा आहेस’ असं यंत्र सांगणार आणि आपण ‘उत्तरेला जा’ असं टंकणार. अशा जगांचा कारभार बघणाऱ्यांना जादूगार म्हणत, आणि पुढे या घराण्यातल्या खेळांत जादूगारांच्या हाती एक हुकूम आला: टोड. तो सोडला की समोरच्याचा बेडूक व्हायचा. आपल्या ऋषींनी नहुषाचा अजगर केला, त्याच जातीचा हा शाप. फरक एवढाच, की आपल्याकडे शापाच्या पाठोपाठ उःशाप यायचा. नहुषाला निदान युधिष्ठिर येईपर्यंत वाट तरी बघता आली. बेडकांसाठी तशी काही सोय असल्याचं दिसत नाही. सुरुवातीला नुसतं रूप बदलायचं, नंतर ‘टोड केलं’ म्हणजे माणूस नाव-गाव-वर्णनासकट पुसून टाकला असा अर्थ झाला.

सगळ्यात गाजलेला बेडूक लॅम्डामू नावाच्या जगातला. पावेल कर्टिस या झेरॉक्सच्या संशोधकाने ते १९९० साली उघडलं. तेही अक्षरांचंच, पण अक्षरांनी बांधलेलं एक ऐसपैस घर, कर्टिसच्या स्वतःच्या घराच्या आराखड्यावर बेतलेलं. नवा पाहुणा कोटांच्या कपाटात जन्माला यायचा आणि चाचपडत दिवाणखान्यात पोचायचा. दिवाणखान्यात एक काकाकुवा होता, तो लोकांची वाक्यं उचलून भलत्याच वेळी म्हणायचा. १९९३ च्या मार्चमधल्या एका रात्री या दिवाणखान्यात मिस्टर बंगल नावाच्या पात्राने एक प्रोग्राम चालवून दुसऱ्यांच्या पात्रांवर ताबा मिळवला आणि त्यांच्या नावाने अतिशय किळसवाणी कृत्यं पडद्यावर उमटवली. ज्यांच्यावर हे गुदरलं ती खरी माणसं होती, खऱ्या खुर्चीवर बसलेली, आणि त्यांना झालेला त्रास अक्षरांपुरता नव्हता. यात हसण्यासारखं काही नाही.

हसू येतं ते पुढच्या सभेचं. त्याआधी काही महिनेच जादूगारांनी जाहीर केलं होतं, की इथून पुढे आम्ही फक्त यंत्राची देखभाल करू, तुमची भांडणं तुम्ही मिटवा. म्हणून बंगलचं काय करायचं हे ठरवायला रहिवाशांची सभा भरली. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्याने पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. कोणी म्हणालं बेडूक करा, कोणी म्हणालं आधी नियम करा. एक गट म्हणाला, शिक्षा देण्याचा अधिकार मुळात कुणाला असतो, इथपासून सुरुवात करू. आरोपी स्वतः येऊन दोन शब्द बोलून गेला. जवळजवळ तीन तास हे चाललं आणि ठराव न होता लोक एकेक करून उठले. एक जादूगार मात्र सगळं ऐकत गप्प बसला होता. सभा पांगल्यावर त्याने त्याच संध्याकाळी एकट्याने तो हुकूम सोडला आणि बंगल संपला.

कर्टिस तेव्हा कामानिमित्त बाहेर होता. परत येऊन बघतो तो हे सगळं. मग त्याने अर्ज, सह्या आणि मतदान अशी रीतसर व्यवस्था सुरू केली. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये ही हकिगत लिहिली, आणि आभासी जगाच्या कायद्यावर शिकवणारे प्राध्यापक अजून ती वाचायला लावतात. एका टग्याला काढताना नाकीनऊ आले, त्यातून एका जगाला लोकशाही मिळाली. तो टग्या? काही दिवसांत डॉक्टर जेस्ट या नावाने हजर. लोकांनी वागण्यावरून त्याला ओळखलं, मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि राहू दिलं.

राजेशाहीत असल्या सभा लागत नाहीत. अल्टिमा ऑनलाइन या खेळाची ऑगस्ट १९९७ मध्ये चाचणी चालू होती. खेळाचा जनक रिचर्ड गॅरियट हा लॉर्ड ब्रिटिश या राजाच्या वेशात प्रजेला दर्शन द्यायला निघाला. राजाला अभेद्य कवच होतं, पण मधे सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला आणि कवच चढवायचं राहून गेलं. गर्दीतल्या रेन्झ नावाच्या एका खेळाडूने सहज म्हणून आगीचा मंत्र टाकला, आणि महाराज सर्वांदेखत आडवे. दरबाऱ्यांनी संतापून राक्षस सोडले, त्यात बघायला आलेली निरपराध प्रजाच मेली. रेन्झला पुढे बॅन केलं. पण खुलासा असा, की तो राजाला मारल्याबद्दल नव्हे, आधीपासून खेळातल्या त्रुटींचा गैरफायदा घेत होता त्याबद्दल. सरकारी नोकरीतल्या माणसाला हा खुलासा फार ओळखीचा वाटेल. साहेबांच्या मुलीच्या लग्नात जेवणाला नावं ठेवली की मार्चमध्ये आपली जुनी प्रवासबिलं वर येतात.

पुढे पुढे तर हाकलण्याला नाट्याचं अंग आलं. गिल्ड वॉर्स २ मध्ये २०१५ साली डार्कसाइड नावाचा एक खेळाडू लबाड्या करून इतरांना छळत होता. लोकांनी व्हिडिओ काढून पुरावे दिले. कंपनीच्या माणसाने त्याच्या पात्राचा ताबा घेतला, अंगावरचं चिलखत उतरवून त्याला अंतर्वस्त्रांवर उभं केलं, एका उंच पुलाच्या कठड्यावर नेलं, लोकांकडे बघून हात हलवायला लावला आणि खाली उडी मारायला लावली. मग ते पात्र पुसलं आणि चित्रफीत सगळ्यांना बघायला ठेवली. मला हा प्रकार आवडलेला नाही. चौकातली फाशी बघायला जमणारी गर्दी कोणत्याही शतकात जमते, म्हणून ती भरवलीच पाहिजे असं नाही.

त्यापेक्षा जीटीए ऑनलाइनवाले बरे. ते दुसऱ्यांच्या गाड्या उगाच फोडणाऱ्यांना ‘ढ’ मुलाची शंकूसारखी टोपी घालतात आणि त्यांच्यासारख्याच टोपीवाल्यांत खेळायला पाठवतात. डोटा २ वाल्यांनी २०२३ च्या नाताळात, नवशिक्यांना बदडण्यासाठी दुसरं खातं काढणाऱ्या कसलेल्या खेळाडूंना सुंदर वेष्टनात एक भेट पाठवली. उघडली तर आत कोळशाचा खडा, आणि खातं बंद. पण माझ्या धंद्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची शिक्षा फॉलआउट ७६ ची. २०१९ च्या सुरुवातीला त्यांनी बाहेरची सॉफ्टवेअरं वापरणाऱ्या काही जणांना काढलं आणि कळवलं, की परत यायचं असेल तर निबंध लिहून पाठवा. विषय: असल्या सॉफ्टवेअरमुळे ऑनलाइन समाजाचं होणारं नुकसान. आयुष्यभर निबंध लिहीत आल्यावर तो शिक्षेच्या यादीत बघून जरा वाईट वाटलं. पण ते निबंध वाचायला मिळाले तर मी पदरचे पैसे खर्चीन.

या सगळ्यांत एक गोष्ट होती. बेडूक असो की टोपी, माणसाला कळायचं तरी की आपल्याला काढलं आहे. कोणीतरी आपल्याकडे बघितलं, ओळखलं, वैतागलं आणि मग काढलं. अलीकडे ती रीत मोडत चालली आहे. कॉल ऑफ ड्यूटीमध्ये २०२२ पासून लबाडी करणाऱ्यावर एक उपाय करतात: समोरचे प्रामाणिक खेळाडू त्याला दिसेनासे होतात. त्यांच्या गोळ्या दिसत नाहीत, पावलं ऐकू येत नाहीत. त्यांना मात्र हा लख्ख दिसतो. बिचारा रिकाम्या शहरात बंदूक रोखून फिरतो आणि कोण मारतंय हे न कळता मरतो. याहून एक पायरी पुढची शिक्षा शॅडोबॅन. त्यात तुमचं बोलणं तुम्हालाच दिसतं, इतर कोणाला नाही. तुम्ही विनोद करता, हसत नाही कोणी. तुम्हाला वाटतं विनोद पडला. लेखकांना ही अवस्था बॅन न होताही परिचयाची असते, ते सोडा.

व्हॉट्सॲपवर हे रोजचं झालं आहे. ब्लॉक केलेल्याला कोणी कळवत नाही. समोरच्याचा फोटो जातो, ‘लास्ट सीन’ जातं आणि पाठवलेल्या प्रत्येक निरोपाला एकच टिक लागते. हे मुद्दाम संदिग्ध ठेवलं आहे, असं कंपनी स्वतःच सांगते, ब्लॉक करणाऱ्याची गोपनीयता राहावी म्हणून. ते पटतंही. छळणाऱ्याला कुलूप दाखवलं की तो कुलपावर हातोडा घालतो. पण बाकीची मंडळी एका टिकेवर किती काय काय रचत बसतात! फोन बंद असेल. गावाला गेली असेल, तिकडे रेंज नाही. माझ्या ओळखीच्या एका काकांनी आपल्या विहिणीचं नेटपॅक संपलं असेल म्हणून तिला परस्पर रिचार्ज मारला. टिक एकच राहिली.

ग्रुप सोडण्यातलीही गंमत गेली. पूर्वी ‘अमुक लेफ्ट’ ही ओळ उमटली की ग्रुपवर शांतता पसरायची, मग तीन जण खाजगीत ‘काय झालं गं?’ विचारायचे, आणि संध्याकाळपर्यंत समजूत काढून माणूस परत आणला जायचा. मावशांचे अर्धेअधिक रुसवे या एका ओळीच्या भरवशावर होते. २०२२ च्या ऑगस्टपासून सोडून जाणाऱ्याची खबर फक्त ॲडमिनला जाते. आता रुसून निघून गेलं तरी गणपतीपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

पोरांचं जग मात्र अजून रोखठोक आहे. पबजी मोबाइलमध्ये लबाडी सापडली की आयडी थेट दहा वर्षांसाठी बॅन. बारावीतल्या मुलाला दहा वर्षं म्हणजे नोकरी, लग्न आणि बहुधा एक मूल धरून. आमच्या इमारतीतल्या एकाची आयडी अशीच उडाली तेव्हा खाली बाकावर दिवसभर सुतक होतं. मग २ सप्टेंबर २०२० ला सरकारने देशात पबजीच बंद केलं आणि तो मुलगा एकदम सगळ्यांच्या बरोबरीला आला. त्या संध्याकाळी तो जिन्यावरून शीळ घालत उतरला.

आणि आता ज्यांनी ‘आम्हाला काढा’ म्हणून रांग लावली, त्यांची गोष्ट. २०१८ साली ‘अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ आला. त्यातला थॅनॉस चुटकी वाजवतो आणि विश्वातली अर्धी जीवसृष्टी राख होते, कोण जाईल ते केवळ नशिबावर. रेडिटवर थॅनॉसचं चुकलं नाही असं मानणाऱ्यांचा, म्हणजे अर्थात चेष्टेने मानणाऱ्यांचा, एक अड्डा होता. तिथे टूम निघाली, की आपणही तत्त्वाला जागून आपल्यातले अर्धे चिठ्ठ्या टाकून काढू. बातमी पसरली आणि नुसतं बॅन होण्यासाठी लाखो लोक नव्याने आत शिरले. ९ जुलैला थॅनॉस झालेल्या जोश ब्रोलिनने चित्रफितीत स्वतः चुटकी वाजवली आणि तीन लाखांहून जास्त लोक काढले गेले. काहीही गुन्हा नसताना. गेलेल्यांनी त्यांच्यासाठी काढलेल्या नव्या अड्ड्यावर जल्लोष सुरू केला, राख झाल्याच्या पाट्या नावापुढे लावल्या, एकमेकांचं अभिनंदन केलं.

माझा भाचाही त्यात होता. रात्रभर जागून वाट बघितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड पाडून चहाला आला.

‘‘काय रे, काढलं का?’’

‘‘नाही ना मावशी. वाचलो.’’

मग पोह्यांना हातही न लावता त्याने मोबाइल पुन्हा उघडला, चुकून निरोप यायला उशीर झाला असेल तर बघायला.