कुऱ्हाड निवडणारे गृहस्थ

पावसाळा सरला की सह्याद्रीत तंबू घेऊन मुक्कामाला निघणाऱ्यांत एक गृहस्थ हमखास असतात. त्यांच्या पाठपिशवीला कातडी म्यानातली छोटी कुऱ्हाड लटकत असते आणि ती निवडण्यात त्यांचा अख्खा उन्हाळा गेलेला असतो. स्वीडनच्या ग्रेन्सफोर्सची, साधारण अर्ध्या किलोच्या पात्याची, हिकरीच्या दांड्याची घ्यावी, की फिनलंडच्या फिस्कार्सची, प्लास्टिकच्या दांड्याची? की अमेरिकेच्या एस्टविंगची, पातं नि दांडा एकाच पोलादातून घडवलेली? दुकानात ते दांड्याचं बूड डोळ्यांसमोर धरतात आणि लाकडाच्या रेषा धारेला समांतर आहेत की आडव्या, हे पत्रिकेतली नाडी तपासावी तसं पाहतात. आडव्या रेषांचा दांडा लवकर तडकतो, हे खरं आहे. त्यांचं ज्ञान नेहमी खरंच असतं, पंचाईत तीच.

माझं म्हणणं एवढंच, की त्यांनी कुऱ्हाड अचूक निवडली, जंगल तेवढं चुकलं. या कुऱ्हाडी उत्तरेकडच्या थंड मुलखात घडल्या. तिथे बर्च आणि पाइनचे ओंडके फोडल्याशिवाय रात्र निघत नाही. आपल्या गडांवर वाळलेली कारवी असते, ती गुडघ्यावर दाबली तरी मोडते. शिवाय हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हा सगळा टापू 1986 पासून अभयारण्य आहे. तिथे विनापरवाना झाड तोडणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि शस्त्र घेऊन शिरायलाही परवानगी लागते. कुऱ्हाड हे शस्त्र की अवजार, यावर वनरक्षकाशी तासभर वाद घालायची गृहस्थांची तयारी असते, वनरक्षकाची नसते.

यावर त्यांची उत्तरं ठरलेली आहेत. भिजलेलं लाकूड फोडलं की आतला गाभा कोरडा निघतो, हे पहिलं. बिनतोड आहे. पण गडाखालच्या वाडीतल्या मावशींनी आगोटीलाच सरपण पडवीत रचलेलं असतं आणि गृहस्थांचं पिठलं-भाकरीही त्याच चुलीवर होणार असते. दुसरं, पात्याच्या पाठीने तंबूच्या खुंट्या ठोकता येतात. कातळात खुंटी शिरत नाही, तंबू दगडांनाच बांधावा लागतो. आणि ठोकायचंच तर त्यासाठीही तेच दगड पुरतात. तिसरं, सुरक्षितता. इथे तर उलटंच आहे. लांब दांड्याच्या कुऱ्हाडीचा नेम हुकला तर ती बहुधा जमिनीत रुतते, आखूड दांड्याची थेट नडगीवर येते. म्हणून ती गुडघे टेकून चालवायची असते. गृहस्थ हे सगळ्यांना बसवून समजावतात. करून दाखवायला लाकूड तेवढं नसतं.

मग हत्यार हवंच असेल तर कोयता का नको? वाट अडवणारी काटेरी फांदी तो एका फटक्यात बाजूला करतो, गावच्या लोहाराकडे मिळतो, आणि कोकणातला गडी तो कंबरेच्या आकडीत अडकवून दिवसभर हिंडतो. सोय, किंमत, वजन, सगळं कोयत्याच्या बाजूने आहे. गृहस्थांनाही ते मान्य आहे. पण कोयत्याला ना मॉडेल क्रमांक, ना वॉरंटी, ना घडवणाऱ्याची सही. पुढचा उन्हाळा मग काढायचा कसा?