मालक व्हा, मर्यादेत राहा
अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी क्रेडिट युनियनच्या कार्डाचे प्राथमिक धडे

हे मार्गदर्शन अशा माणसासाठी आहे, ज्याच्या नावावर पुण्यात फ्लॅट आहे, सिबिलचा आकडा आठशेच्या घरात आहे, ज्याला बँकवाले ऐन जेवणाच्या वेळी फोन करून ‘कर्ज घ्या’ म्हणून विनवत असत, आणि जो आता एच-वन-बी घेऊन न्यू जर्सीत उतरला आहे. इथे त्याला पत नाही. वाईट पत आहे असं नव्हे, मुळात नाहीच. इथल्या पतनोंदणी कंपन्यांच्या लेखी तो कालच जन्मला आहे, फक्त दाढीसकट.

अशा नवजाताला महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणीतरी काका भेटतातच. ‘मोठ्या बँकांच्या नादी लागू नकोस रे,’ काका मोदक फोडत सांगतात, ‘क्रेडिट युनियन बघ. आपल्या पतसंस्थेसारखं असतं.’ काका खरं तेच सांगतात. पंचाईत तिथूनच सुरू होते.

साहित्य

पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी क्रमांक, नोकरीचं पत्र, अलीकडच्या दोन पगारपावत्या, पत्त्याचा पुरावा (विजेचं बिल रूममेटच्या नावावर असतं, तेव्हा इथेच आठवडा जाईल असं धरून चाला), पाच डॉलर रोख. अभिमान असल्यास घरी ठेवून या.

पहिली पायरी: पात्र व्हा

बँकेत कोणीही खातं उघडू शकतो. क्रेडिट युनियनमध्ये आधी तुम्ही ‘आमच्यातले’ असायला हवं. एकाच कंपनीत नोकरी, एकच परगणा, एकच चर्च, एकच पेशा, असा काहीतरी समान धागा सभासदांमध्ये हवा, ही कायद्याचीच अट आहे. १९९८ साली हा धागा किती ताणायचा यावरून बँका आणि युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडल्या. बँका जिंकल्या, आणि त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून धागा पुन्हा सैल केला.

तुमचा धागा कुठेच जुळत नसेल तर घाबरू नका. बऱ्याच युनियन एखाद्या मान्यताप्राप्त संघटनेचं सभासदत्व ग्राह्य धरतात. किरकोळ वर्गणी भरा, म्हणजे ज्या ध्येयाचं नावही काल ऐकलं नव्हतं त्याचे तुम्ही आजपासून पाईक. किंवा एखादा सभासद शोधून स्वतः त्याचे नातेवाईक व्हा. कोकणातल्या माणसाला हे अवघड जाऊ नये.

दुसरी पायरी: आपण कशाचे मालक झालो ते समजून घ्या

तुमच्या पाच डॉलरांचा एक हिस्सा होतो. तो खात्यात दिसतो, पण काढता येत नाही. काढलात की सभासदत्व संपलं. त्या बदल्यात तुम्हाला एक मत मिळतं. ज्याच्या खात्यात पाच लाख आहेत त्यालाही एकच. बाहेरचे भागधारक नाहीत, संचालक बहुतेक बिनपगारी, उरलेला नफा कमी व्याजाच्या कर्जातून आणि जास्त व्याजाच्या ठेवींतून सभासदांकडेच परत. २,५०,००० डॉलरपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण. फेडरल सनद असलेल्या युनियनला कर्जावर १८ टक्क्यांहून जास्त व्याज बहुतेक लावताच येत नाही. ही कमाल मर्यादा १९८७ पासून तशीच आहे. मोठ्या बँकांची कार्डं विशीच्या पार गेलेली असताना ही मोठीच गोष्ट. हे सगळं चांगलं आहे, आणि तक्रारी सुरू करण्याआधी कबूल केलेलं बरं.

इथे थोडं आडवाटेला जाऊ. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. मग सरकारी शिरस्त्याप्रमाणे आयोग बसले, अहवाल आले, कायदे झाले, आणि १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. १९०७ मध्ये एडवर्ड फाइलीन नावाचे बॉस्टनचे एक बडे दुकानदार जगाच्या फेरीवर असताना बंगालमध्ये थांबले, आणि खेड्यापाड्यांत चाललेल्या या पतपेढ्या पाहून भारावले. परत जाऊन त्यांनी आपला पैसा आणि आयुष्याची बरीच वर्षं या चळवळीत घातली. १९०८ साली न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टर गावात फ्रेंच बोलणाऱ्या गिरणी कामगारांची अमेरिकेतली पहिली क्रेडिट युनियन सुरू झाली होती. तिच्यामागे कॅनडातले आल्फाँस देजार्दँ होते. १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा कायदा झाला, आणि १९३४ मध्ये रुझवेल्ट यांच्या सहीने देशभर लागू होणारा कायदा आला.

त्या पतपेढ्यांचं मर्म एवढंच होतं की शेजाऱ्याला शेजारी ठाऊक असतो. अमका दारू पितो, तमका पेरणीच्या पैशाने पेरणीच करतो, हे गावाला सांगावं लागत नाही. बँकेला ज्याची ओळख नाही त्याला ओळखीच्या माणसांनी कर्ज द्यायचं. तुम्ही मात्र अशा शेजारात दाखल झाला आहात जिथे तुम्हाला कोणीच ओळखत नाही. शेजाऱ्याची जागा तीन पतनोंदणी कंपन्यांनी घेतली आहे, आणि त्यांच्याकडची तुमची फाइल कोरी आहे.

तिसरी पायरी: कार्डासाठी अर्ज करा

अर्ज करा. फायकोचा आकडा (इथलं सिबिल) ३०० ते ८५० या पट्ट्यात असतो, हे आता तुम्ही पाठ केलंच असेल. पाठ करून उपयोग नाही. किमान एक खातं सहा महिने जुनं झाल्याशिवाय आकडा तयारच होत नाही. खातं मिळायला आकडा हवा, आकडा मिळायला खातं हवं. या ठिकाणी नवशिके युनियनला फोन करून आवाज चढवतात. चढवू नका, फोनवरची बाई खरोखरच सज्जन असते. युनियनमध्ये फोन माणूस उचलतो, आणि ‘सर, मला अगदी वाईट वाटतंय’ असं म्हणताना तिला वाईट वाटलेलं असतं. मोठ्या बँकेच्या यंत्रावर निदान मनमोकळं चिडता तरी येतं.

पाचवी पायरी: पत्र वाचा

(चौथी पायरी, म्हणजे विचारविनिमय, संगणकाने तुमच्या वतीने उरकली आहे.)

पूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत निर्णय कळवायचा आणि नाकारलं तर कारणं सांगायची, असा कायदा आहे. त्यामुळे नकार लेखी आणि अतिशय सभ्य असतो. ‘पतीचा इतिहास अपुरा.’ ‘खात्यांचं वय कमी.’ ‘सध्याच्या पत्त्यावरील वास्तव्य अल्प.’ विवाहित वाचकांनी पहिलं कारण घरात मोठ्याने वाचू नये. पत्र जपून ठेवा; त्याच्या आधारावर साठ दिवसांत आपला पत-अहवाल फुकट मागवता येतो. मागवा. दोन पानं येतील, त्यातलं एक कोरं.

सहावी पायरी: स्वतःच्या पैशावर स्वतःला कर्ज द्या

आता ती बाई तारणाचं कार्ड सुचवेल. पाचशे डॉलर बचत खात्यात ठेवायचे, युनियन ते गोठवणार, आणि तुम्हाला पाचशे डॉलर मर्यादेचं कार्ड देणार. घ्या. दुसरा रस्ता जवळपास नाहीच.

पाचशेत जगण्याचं शास्त्र नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच नापास होतात. फायकोच्या आकड्यात तीस टक्के वजन ‘किती देणं आहे’ याला असतं, आणि त्यात मर्यादेच्या किती टक्के वापरलं हे मुख्य. वापर तिशीच्या खाली ठेवा, असं जो तो सांगतो. पाचशेचे तीस टक्के म्हणजे दीडशे. पटेलांच्या दुकानातली एक खेप, फोनचं बिल आणि महिन्याचा रेल्वे पास एवढ्यातच दीडशे ओलांडतात. थोडक्यात, तुमचेच पाचशे डॉलर, तुम्हीच मालक असलेल्या संस्थेत, तुमच्याच नावाने कुलुपात, आणि त्यांतले साडेतीनशे न वापरण्याबद्दल तुमची पत वाढणार.

यावर उपाय आहे, आणि तो मंडळात सगळ्यांना तोंडपाठ असतो: बिल तयार होण्याच्या तारखेआधीच पैसे भरून टाकायचे. कळवला जातो तो बहुधा बिलाच्या दिवशीचा आकडा. तो छोटा असला की झालं. मात्र पैसे दुसऱ्या बँकेतून पाठवलेत तर युनियन ते पोचले असं म्हणते, पण वापरू देत नाही. काही दिवस ‘पडताळणी’ चालते. तेवढ्यात भाड्याची गाडी घ्यायला जाऊ नका. गाडीवाला भाड्यावर अनामत अडकवतो, कार्ड नाकारलं जातं, आणि विमानतळावर आईबाबा चार बॅगांसह उभे असतात. ‘अरे, तुझं अमेरिकेत बरं चाललंय ना?’ या प्रश्नाचं उत्तर या पुस्तिकेच्या कक्षेबाहेर आहे.

मधली सूचना

आता धक्का बसेल असं सांगतो. ज्या युनियनने पाचशे डॉलरला तारण मागितलं, तीच पगारपावत्या बघून तुम्हाला कदाचित तीस हजारांचं गाडीचं कर्ज देईल, तेही रास्त व्याजाने. हिशेब सरळ आहे: हप्ता चुकला तर गाडी ओढून नेता येते, पण खाल्लेला श्रीखंडाचा डबा ओढून नेता येत नाही. पत बांधायचा हा रस्ता पुष्कळ लोक घेतात, आणि मग पाच वर्षं अशी गाडी चालवतात जी मुळात कार्डासाठी घेतली होती. माझं मत विचाराल तर गाडी लागणारच असेल तरच घ्या.

सातवी पायरी: मर्यादा वाढवून मागा

सहा महिने थांबा. मग विचारा, पण आधी हे विचारा की वाढीच्या अर्जासाठी पत-अहवाल नव्याने ओढणार का. ओढला की आकडा थोडा खाली येतो, आणि ती नोंद दोन वर्षं राहते. म्हणजे पत वाढली का हे पाहायला गेलं की ती किंचित घटते. अर्ज मंजूर झाला तर पाचशेचे हजार होतील. नाकारला तर पाचशेच राहतील आणि आकडा खाली येईल. बऱ्याच युनियनमध्ये एका सभासदाला विनातारण एकूण किती द्यायचं याचीही कमाल ठरलेली असते. पुढे दहा वर्षांनी, मोठा पगार आणि उत्तम आकडा घेऊन गेलात, तरी ती तिथेच उभी असते. तेव्हा दुसरं कार्ड काढलंत तर मर्यादा वाढत नाही, दोन कार्डांत वाटली जाते. सवलत म्हणून इकडचे हजार तिकडे करता येतात.

बारीक अक्षरं

करारात एक कलम शोधा, ज्यात तुमच्या इतर ठेवी कार्डाच्या थकबाकीला तारण आहेत असं लिहिलेलं असतं. बँकेला कार्डाच्या थकबाकीसाठी तुमच्या ठेवीतून परस्पर कापून घेता येत नाही. तुम्ही स्वतः सही करून असं तारण दिलंत तर गोष्ट वेगळी, आणि ती सही युनियनच्या अर्जात पुष्कळदा असते. ते कलम असेल तर पगाराचं खातं आणि कार्ड एकाच ठिकाणी ठेवायचं की नाही, हे सही करण्याआधी ठरवा. ही एक गोष्ट तरी थट्टेत घालवू नका.

बाकी नियम चटकन. नव्या खात्यात पहिले तीस दिवस चेक जास्त काळ अडवून ठेवायला परवानगी असते, तेव्हा पहिल्या पगाराच्या चेकवर घरभाडं अवलंबून ठेवू नका. डेबिट कार्डावर दिवसाची मर्यादा असते, आणि तुम्हाला ती आयकियाच्या काउंटरवर कळते. बचत खात्यातून महिन्यात सहाच वेळा पैसे हलवता येण्याचं सरकारी बंधन एप्रिल २०२० मध्ये उठलं. तुमच्या युनियनला ते उठल्याचं कोणी कळवलं नसण्याची शक्यता आहे.

शेवटची पायरी: वार्षिक सभेला जा

इथे तुम्ही आणि तुमची मर्यादा समोरासमोर येता. निमंत्रण येईल, जा. गावच्या पतसंस्थेच्या सभेसारखा गोंधळ, माइकची ओढाओढ किंवा भेटीचा स्टीलचा डबा मिळणार नाही. सँडविच, पेन आणि सोडत मिळेल. उपस्थितांत बहुतेक निवृत्त शिक्षक. आयत्या वेळच्या विषयांत उभं राहून विचारा, की नव्या सभासदांना तारणाशिवाय पाचशेसुद्धा का देत नाही? अध्यक्ष, जे स्वतः बिनपगारी आहेत, ते शांतपणे सांगतील की कार्डाची जी थकबाकी बुडते ती या खोलीतल्या लोकांच्या ठेवींच्या व्याजातून आणि राखीव निधीतून जाते. सगळ्या माना तुमच्याकडे वळतील, आणि तुमच्या लक्षात येईल की आता तुमचेही चार पैसे तिथे आहेत.

मग कार्डवाटपाचं धोरण आहे तसंच ठेवण्याचा ठराव मांडला जाईल. मतदान हात वर करून असतं. सँडविच आधी खाली ठेवा.