सेकंदभाऊ

चपला काढायच्या आधीच ज्याची नजर तुमच्या भिंतीवर जाते आणि "बस ना भाऊ" म्हणायच्या आत जो "तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढं चाललंय" असं जाहीर करतो, तो माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. आमच्या जळगावच्या मेहरूणमध्ये ते खातं सेकंदभाऊकडं आहे. त्याचं पाळण्यातलं नाव गल्ली कधीच विसरली.

तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्याच्या धाकानं मनगटी घड्याळं बांधणं सोडलंय. सलूनमध्ये मान वस्तऱ्याखाली असताना त्यानं आरशातलं उलटं घड्याळ वाचून दीड मिनिटाची चूक काढली; कारागिरानं वेळेवर हात उचलला म्हणून निभावलं. हिवाळ्यात गाडीवाल्याकडून मेहरूणची बोरं घेतली, तेव्हा आधी त्याच्या मोबाइलची वेळ तपासली. वजनात मार खाल्ला, त्याचं काही नाही.

पोटापाण्याचं म्हणाल, तर माडीवर बसून रात्रभर एका परदेशी बँकेच्या सर्व्हरांवर 'एजंट' बसवतो. साइटमाइंडर नावाचं सॉफ्टवेअर. त्याचं कूळ तो सोयरीक सांगावी तसं सांगतो: मूळ घर नेटेग्रिटी, २००४ मध्ये सीएकडं दिलं, २०१८ मध्ये खुद्द सीएच ब्रॉडकॉमच्या घरात गेली. बँकेच्या माणसानं एकदा लॉगिन केलं की पगार, रजा, कर्जाचे कागद, सगळ्या साइटी पुन्हा पासवर्ड न विचारता उघडल्या पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक वेबसर्व्हरवर, अपाची असो की आयआयएस, एकेक एजंट. येणारी प्रत्येक विनंती तो अडवतो आणि पॉलिसी सर्व्हरला विचारतो: हे पान राखीव आहे का, हा माणूस कोण, याला सोडू का? स्वतःच्या अकलेनं काही ठरवत नाही. (अशी माणसं आपल्याकडं बरीच आहेत, पण ती एवढ्या पटकन विचारून येत नाहीत.)

एजंट नुसता बसवून भागत नाही, त्या मशीनची नोंदणी लागते. 'एसएमरेगहोस्ट' ही कमांड चालवायची, पॉलिसी सर्व्हरचा पत्ता द्यायचा, अॅडमिनचा पासवर्ड द्यायचा, मशीनला नाव द्यायचं. त्या नावाची जुनी नोंद असली की नोंदणी अडते. जमलं तर दोघांत एक गुप्त किल्ली ठरते, ती एका फायलीत जाऊन बसते. मग वेबसर्व्हर बंद करून पुन्हा चालू.

एका रात्री हे सगळं यथासांग झालं होतं. तरी लॉगिन केलेला माणूस दुसऱ्या साइटवर गेला की परत लॉगिनच्याच पानावर येऊन आदळायचा. भाऊनं नाव तपासलं, किल्ली तपासली, पहाटेपर्यंत लॉग चाळले. शेवटी सापडलं काय, तर एका सर्व्हरचं घड्याळ मागं! लॉगिनची खूण म्हणून मिळणाऱ्या कुकीवर वेळेचा शिक्का असतो, आणि मागं पडलेल्या सर्व्हरला तो अजून न उजाडलेल्या वेळेचा वाटत होता. त्या पहाटेपासून आमच्या गल्लीतलं एकही घड्याळ सुखानं चाललेलं नाही.

गेल्या लग्नसराईत मुहूर्त होता १२ वाजून ३५ मिनिटांचा. वरात मांडवाच्या दारात नाचतेय आणि भाऊ मोबाइल उंच धरून बँडच्या वर ओरडतोय, "अठरा मिनिटं ड्रिफ्ट! अठरा!" नवरदेवाच्या मामानं घाम पुसत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, देशाची वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची ना? आपलं जळगाव त्याच्या पश्चिमेला. आपला सूर्य २८ मिनिटं मागं. अजून दहा मिनिटं नाचू दे." हा हिशेब आदल्या रात्री हळदीत भाऊनंच त्याला शिकवला होता, मुंबईनं १९५५ पर्यंत आपली वेगळी, ३९ मिनिटं मागची वेळ चालवली, या माहितीसकट.

एकदा मी सूड घ्यायलाच त्याच्या घरी गेलो. आणि नशीब बघा, स्वयंपाकघरातलं घड्याळ चक्क दहा मिनिटं पुढं! मी आनंदानं ओरडलो. त्याची आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "यांची भुसावळची पॅसेंजर चुकायची ना, म्हणून पुढं करून ठेवलंय."

भाऊचे वडील रेल्वेत होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. माउली अजून त्याच घड्याळावर चहा टाकते, पाणी भरते, भाऊला जेवायला हाक मारते. घड्याळाचा सेल भाऊच बदलतो, आणि बदलल्यावर मोबाइल समोर धरून काटे बरोब्बर दहा मिनिटं पुढं लावतो. सेकंदासकट.

"हे कसं चालतं रे तुला?" मी विचारलं.

"तो सर्व्हर आईचा आहे," भाऊ म्हणाला. "आपल्याला तिथं फक्त रीड परमिशन."