काकांचा पीसी, पुतण्यांची समिती

काकांच्या गरजा मोजक्या: बँकेतली शिल्लक, लाइट बिल आणि यूट्यूबवर भीमसेन. पण तेवढ्यासाठी झाडून सारे पुतणे तज्ज्ञ होतात. एकाला ग्राफिक्स कार्ड हवं, दुसऱ्याला ३२ जीबी रॅम. खिसा अर्थात काकांचा. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षा मॉड्यूल लागतं, म्हणून चालतं मशीन भंगारात काढायची घाई! अहो, आधी कॅबिनेट तर उघडा. पंख्यावर बोटभर धूळ, आणि करकरत फिरणारी जुनी हार्डडिस्क. तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी बसवा, विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. आणि कृपा करून स्क्रीनवरचे आयकॉन जागचे हलवू नका; काकांचे फोन त्यासाठीच येतात.