मोर लीव्ह अँड लायसन्सवर

सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी मी मोर विकत घेतले, हे त्या महिन्यात मी निदान चाळीस जणांना ऐकवलं असेल. ४८ मोर, ७९९ रुपये, एकाच झिप फाइलमध्ये. ‘लोक नेटवरून चित्रं उचलतात, मी पैसे मोजतो,’ हे वाक्य तर तोंडात असं बसलं होतं, की बायकोने दूध आणलं का विचारलं तरी उत्तरात मोर यायचा.

कमिटीच्या मीटिंगमध्ये मी ते भिंतीवर मोठे करून दाखवले. सेक्रेटरी म्हणाले, टी-शर्टवर छापू आणि २५० रुपयांना विकू. खजिनदार म्हणाले, सोसायटीचा लोगोच करू या. मी विनयाने मान खाली घातली, जणू पिसं माझीच होती. तेवढ्यात तळमजल्यावरच्या वकीलकाकांनी डोळे उघडले.

“लायसन्स वाचलंस?”

“काका, विकत घेतलेत.”

“म्हणजे नाही वाचलंस.”

रात्री वाचलं. नऊ पानं. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटी जो माणूस धावत सुटतो, त्यानेच लिहिल्यासारखी. सार एवढंच, की मोर माझे नव्हतेच. मी मोर घेतले नव्हते, मोर वापरायची परवानगी घेतली होती. तीही एका माणसापुरती. मी ती झिप कमिटीच्या ११ जणांना केव्हाच फॉरवर्ड केली होती. छापील प्रती ५०० पर्यंत. आमची स्मरणिका ६००. मोर छापून वस्तू विकायची, तर ‘एक्स्टेंडेड’ लायसन्स वेगळं. आणि लोगो? अजिबात नाही. हे कलम आधी अपमानासारखं लागलं, मग पटलं. तोच मोर ७९९ रुपये मोजून कोणीही घेऊ शकतो. उद्या एखाद्या पापडवाल्याने तो पाकिटावर छापला, तर आम्ही कोणत्या तोंडाने भांडणार?

सकाळी काकांकडे गेलो. चहा येईपर्यंत काका १८८२ सालात पोचले होते. त्या सालच्या इझमेंट्स अ‍ॅक्टचं कलम ५२. दुसऱ्याच्या जागेत एरवी जे बेकायदा ठरलं असतं, ते करायची मुभा म्हणजे लायसन्स. त्या जागेत हक्क मात्र शून्य. हे मला पुस्तकातून समजावायची गरज नव्हती. लग्नाआधी सहा वर्षं मी लीव्ह अँड लायसन्सवर काढली आहेत. घरमालकीणबाईंची पहिली अट, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मी कॅलेंडर सेलोटेपने चिकटवायचो. पावसाळ्यात ते रोज रात्री दोनच्या सुमाराला गळून पडायचं आणि मी उठून तारीख उचलायचो. अकरावा महिना लागला, की बाई पोहे घेऊन यायच्या, “तुम्ही आता आमच्या घरातलेच,” म्हणायच्या आणि भाडं वाढवायच्या. घरातल्यांचं भाडं वाढवायची पद्धत मी तिथेच पाहिली. काकांचा लाडका दिवस मात्र १ फेब्रुवारी १९७३. बॉम्बे रेंट अ‍ॅक्टमधल्या दुरुस्तीने त्या दिवशी लायसन्सवर राहत असलेली माणसं संरक्षित भाडेकरू झाली. काल लायसन्सवाला, आज कूळ! ही गोष्ट काका, इतर लोक गावसकरचं शतक सांगतात तशी सांगतात. मला आशा वाटली.

“मोरांसाठी अशी काही तारीख?”

“मोरांसाठी कॉपीराइट अ‍ॅक्ट, १९५७. हक्क लेखी सही करून दिल्याशिवाय जात नाही. तुला कोणी सही करून दिलीय?”

मला फक्त पावती दिली होती.

मी अक्कल पाजळली : मग सगळं फुकटचंच वापरतो. स्मरणिकेच्या शीर्षकासाठी ‘मोदक’ फाँट घेतला होता, मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला. अक्षरं अशी गुबगुबीत, की आतली पोकळी पार मिटत आलेली; सारण जास्त झालं तर जसं होईल तसं. पण फुकट म्हणजे बिनलायसन्स हीसुद्धा माझीच समजूत निघाली. त्यालाही ओपन फाँट लायसन्स आहे. छापा, विका, अक्षरात बदल करा, सगळं चालतं. नुसता फाँट तेवढा विकायचा नाही. म्हणजे मोदक खा, वाटा, नैवेद्याच्या ताटासकट विका, पण सुटा मोदक विकू नका. फुकट देणाऱ्याने एक अट घातली होती आणि ती वाचायला मला फुरसत नव्हती.

इथे मला उगाच आमच्या गावचे पेंटरकाका आठवले. बाजारातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. शाळा सुटल्यावर मी त्यांचे ब्रश धुवायचो. पाटी पुरी झाली, की उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ते स्वतःचं नाव टाकायचे आणि दोन पावलं मागे सरून पाहायचे. पुढे फ्लेक्स आला. एका दुकानदाराने काकांच्याच पाटीचा फोटो काढून तीच अक्षरं मोठी करून फ्लेक्सवर छापून घेतली. बांबूवर फ्लेक्स चढत असताना काका खाली उभे होते. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “वेलांटी माझीच आहे.” कोणावर चिडले नाहीत. उजव्या कोपऱ्यात आता फ्लेक्स छापणाऱ्याचा मोबाइल नंबर होता.

आणि मी ७९९ रुपये मोजल्याची दवंडी पिटत हिंडत होतो! त्या पैशात मोरापेक्षा स्वतःचा मोठेपणाच मी जास्त विकत घेतला होता. पिसारा मात्र कोणीतरी दूर कुठेतरी, एकेक डोळा मोजत, मान मोडून काढला होता.

अकरा जणांना फाइल डिलीट करायला सांगितली. नऊ जणांनी ती उघडलीच नव्हती, हा अपमान वेगळा. कमिटीने एक्स्टेंडेड लायसन्सचा खर्च नामंजूर केला, तो मी भरला. हे मात्र फक्त बायकोला सांगितलं. लोगोचा विषय पुढच्या वर्षावर गेला.

स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, मोर काढणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात छापलं आहे. लायसन्समध्ये तशी अट नव्हती.