अडचण कशी मांडावी : कसारा परिसरातील विद्यार्थ्यांसाठी सूचना

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अर्जात घरची अडचण सांगायला म्हणे वेगळी जागा असते. तिथली मुलं त्यात बापाची गेलेली नोकरी, आईचं आजारपण असं सगळं लिहितात. आपल्याकडे एवढं वाचायला कुणाला वेळ नाही, म्हणून शासनाने अडचणींचे दाखले करून ठेवले आहेत. अडचण सांगायची नसते, अपलोड करायची असते.

सुरुवात उत्पन्नापासून. वडील दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर गेले आणि पावसाआधी हिशेब होऊन अंगावर बाकीच निघाली, तर उत्पन्न उणे येतं. उणे लिहू नका. शून्यही नको, ‘मग खाता काय?’ असं विचारतात आणि घरचे गडबडतात. शिष्यवृत्तीच्या अडीच लाखांत बसेल, पण माणसं जिवंत आहेत हेही पटेल, असा आकडा तलाठी भाऊसाहेबांना आपोआप सुचतो. दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते. नवा काढायच्या वेळी वडील भट्टीवरच असतात. तेव्हा पालकांनी आर्थिक वर्षाशी जुळणारी गरिबी निवडावी.

आता जातीचा दाखला. आदिवासी विद्यार्थ्यांनी 6 सप्टेंबर 1950 ही तारीख पाठ करावी. त्याआधीपासून आपलं घराणं इथलंच, याला कागद हवा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असेल तर उत्तम. आजोबा शाळेत गेलेच नसतील (कातकरी-ठाकूर वाड्यांवर कितीजण गेले?) तर तो त्यांचा हलगर्जीपणा. मग कोतवाल बुकात नोंद शोधावी; त्यासाठी पणजोबांनी रीतसर कळवून मरायला हवं होतं. मुंबईला पाणी देणारं तानसा धरण 1892 साली याच शहापूर तालुक्यात झालं, म्हणजे सरकारला इथला पत्ता तेव्हापासून ठाऊक आहे. पण हा मुद्दा सेतू केंद्रात काढू नये. रांग खोळंबते.

दाखल्यांसाठी तालुक्याला, म्हणजे शहापूरला जायचं तर कसाऱ्याहून लोकलने आसनगाव, पुढे रिक्षा. प्रांतसाहेब भिवंडीला. सर्व्हर बंद असेल तर हेच उद्या पुन्हा. मुरबाडच्या मुलांना लोकल चुकायची धास्ती नाही. तिथे अजून रेल्वेच आलेली नाही.

मध्ये वर्ष बुडालं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात कारण एकच चालतं : ‘घरगुती कारणास्तव’. भट्टीवर धाकट्या भावंडांना सांभाळणं, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं, बहिणीचं लग्न, बापाची दारू, सगळं त्यात बसतं. आणखी काही लिहायला गेलात तर टाइप करणारा ते खोडतो, आणि त्याचंच बरोबर असतं.

या दाखल्यांपायी आईवडिलांचे जे रोज बुडतात, ते उत्पन्नातून वजा करायला फॉर्मात रकाना नाही. शोधत बसू नका. शेवटची तारीख जवळ आली आहे.